हात थरथरतो, पाऊल अडते

आजोबांचा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतानाही थरथरतो. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो, चालताना पाय घासतात, चेहरा मख्ख दिसतो. निमोण्यासारखे गाव असो की मुंबईची चाळ, कुणी म्हणते वय झाले, कुणी म्हणते करणी केली. वाचकहो, ही लक्षणे एकत्र दिसली तर कंपवाताची शंका घ्यावी. हा मेंदूचा आजार आहे. तो मुळापासून जात नाही, पण औषधाने त्रास पुष्कळ कमी होतो.

मेंदूतील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य सोडतात आणि दुसऱ्या पेशींवरील रिसेप्टर ते झेलतात. द्रव्य एकच, पण परिणाम दोन! ‘डी-१’ रिसेप्टर असलेली पेशी त्यामुळे चटकन उत्तेजित होते, तर ‘डी-२’ असलेली पेशी शांत होते. हालचालीच्या केंद्रात पहिल्या पेशी ‘चल’ म्हणतात, दुसऱ्या ‘थांब’. डोपामिन पुरेसे असले की ‘चल’ला जोर येतो आणि ‘थांब’ला आवर बसतो. कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. मग ‘थांब’ वरचढ होते. आजोबा आळशी झालेले नसतात. उठायची इच्छा असते, पण शरीर साथ देत नाही.

या शोधाचा एक धागा मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. त्याच मुळीत रेसरपिन सापडले. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले. मेंदूतील साठा रिकामा झाला आणि ससे निपचित पडले. मग एल-डोपा टोचताच ते पुन्हा हलू लागले! एल-डोपापासून मेंदू डोपामिन बनवतो. आजही कंपवाताचे मुख्य औषध तेच. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

आता घरातली काळजी. बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद करू नये. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड ‘डी-२’ रिसेप्टर अडवते, त्याने कंपवात बळावतो. म्हणून कोणत्याही दुखण्यासाठी गेलात तरी डॉक्टरांना आजार आधी सांगा. खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असते खरे, पण गोळीच्या जोडीला तिचे चूर्ण मनाने देऊ नका. शिरूर-दौंडकडच्या मंडळींना पुण्याचे ससून हे सरकारी रुग्णालय आहे. देवऋष्याला द्यायचे पैसे एस.टी.च्या तिकिटाला लावा. आणि आजोबा गुंडी लावत असतील, तर त्यांना लावू द्या. घाई करू नका.