चषक आला, तारा गेला: इंग्लंडमधील मधल्या फळीतील क्लबांचा पेच

इंग्लिश फुटबॉलमध्ये २०२५ हे वर्ष दोन क्लबांच्या समर्थकांच्या कायम स्मरणात राहील. १६ मार्च रोजी वेम्बलीवर न्यूकॅसल युनायटेडने लिव्हरपूलला २-१ असे हरवून लीग कप जिंकला. १९५५ मधील एफए कपनंतर, म्हणजे तब्बल ७० वर्षांनी, देशांतर्गत मोठा चषक या शहरात आला. दोन महिन्यांनी, १७ मे रोजी, त्याच मैदानावर क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० असे नमवून एफए कप पटकावला. पॅलेसच्या इतिहासातील हा पहिलाच मोठा चषक होता. न्यूकॅसलचा विजय निश्चित करणारा दुसरा गोल अलेक्झांडर इसाकचा होता, तर पॅलेसचा एकमेव गोल एबेरेची एझेचा. सप्टेंबर उजाडला तेव्हा इसाक लिव्हरपूलचा झाला होता आणि एझे आर्सेनलचा.

यशस्वी संघातून कोणी कशाला जाईल, हा क्रीडाप्रेमींचा साधा तर्क असतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो आता उलटा लागू होतो. अंतिम सामन्यातील गोल हा खेळाडूला क्लबशी बांधून ठेवणारा धागा न ठरता बड्या क्लबांपुढे मांडलेली त्याची जाहिरात ठरतो. मधल्या फळीतील क्लबांच्या या हतबलतेचे कारण मालकाची रिकामी तिजोरी आहे, असे समजले जाते. न्यूकॅसलचे उदाहरण हा समज खोडून काढते.

सौदी अरेबियाच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाच्या नेतृत्वाखालील गटाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हा क्लब विकत घेतला, तेव्हा जगातील सर्वांत श्रीमंत मालकांपैकी एक न्यूकॅसलला लाभल्याची चर्चा होती. समर्थकांनी स्टेडियमबाहेर जल्लोष केला. ऑगस्ट २०२२ मध्ये स्पेनच्या रिआल सोसिएदादकडून सुमारे ६ कोटी ३० लाख पौंडांना इसाक आला. करार सहा वर्षांचा, म्हणजे २०२८ पर्यंतचा होता. २०२४-२५ च्या हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये २३ गोल केले. संघाने पाचवे स्थान मिळवून चॅम्पियन्स लीगची पात्रताही गाठली. क्लबकडे चषक होता, युरोपातील सर्वोच्च स्पर्धेचे तिकीट होते, श्रीमंत मालक होता आणि कराराची तीन वर्षे शिल्लक होती. खेळाडूला थांबवण्यासाठी याहून अधिक काय लागते?

तरीही उन्हाळ्यात इसाक संघासोबत आशिया दौऱ्यावर गेला नाही. तो जुन्या क्लबच्या, सोसिएदादच्या मैदानावर एकट्याने सराव करू लागला. लिव्हरपूलचा ११ कोटी पौंडांचा प्रस्ताव न्यूकॅसलने फेटाळला. १९ ऑगस्टला इसाकने समाजमाध्यमावर निवेदन प्रसिद्ध केले. दिलेली आश्वासने मोडली गेली आणि विश्वास उरला नाही, असा त्याचा आरोप होता. याच उन्हाळ्यात जाऊ देण्याचे वचन क्लबच्या कोणत्याही अधिकाऱ्याने दिलेले नाही, असे उत्तर क्लबने तातडीने दिले. सहा दिवसांनी लिव्हरपूलचा संघ सेंट जेम्स पार्कवर आला आणि ३-२ असा जिंकून गेला. विजयी गोल १६ वर्षांच्या रिओ एन्गुमोहाचा होता. १ सप्टेंबरला, बाजार बंद होण्याच्या दिवशी, इसाक १२ कोटी ५० लाख पौंडांना लिव्हरपूलमध्ये दाखल झाला. ब्रिटिश फुटबॉलमधील हा विक्रमी व्यवहार ठरला.

मालक श्रीमंत असूनही हे का घडले, याचे उत्तर ताळेबंदात आहे. प्रीमियर लीगच्या नफा व शाश्वततेच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंडांचा तोटा दाखवता येतो. मालकाकडे किती पैसा आहे, याला या हिशेबात महत्त्व नाही. क्लबने स्वतः किती कमावले, याला आहे. २०२३-२४ मध्ये न्यूकॅसलचे उत्पन्न सुमारे ३२ कोटी पौंड होते, तर लिव्हरपूलचे सुमारे ६१ कोटी. जवळपास दुप्पट कमावणारा क्लब तेवढ्याच नियमांत राहून जे वेतन देऊ शकतो, ते न्यूकॅसलने दिले असते तर संघातील इतर प्रमुख खेळाडूंनीही तीच मागणी केली असती. एकाचे वेतन वाढवायचे म्हणजे सगळ्यांची उतरंड हलवायची.

शिवाय हेच नियम विक्रीला बक्षीस देतात. खेळाडूच्या खरेदीची रक्कम हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागली जाते. इसाकसाठी मोजलेले ६ कोटी ३० लाख पौंड सहा वर्षांवर विभागले, तर वर्षाला १ कोटी ५ लाख होतात. तीन वर्षांनंतर वहीत त्याची किंमत साधारण ३ कोटी १५ लाख उरते. त्याला १२ कोटी ५० लाखांना विकल्यावर ९ कोटींहून अधिक रकमेचा नफा एकाच वर्षात दिसतो. इतर देणी वजा केली तरी आकडा मोठाच राहतो. अकादमीत घडलेल्या खेळाडूची वहीतील किंमत तर शून्य असते. त्याला विकले की आलेली जवळजवळ सगळी रक्कम नफा.

याची सर्वांत बोचरी किंमत न्यूकॅसलने इसाकच्या आधीच मोजली होती. ३० जून २०२४ ला आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी हिशेब जुळवण्यासाठी क्लबने एलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टला आणि यांकुबा मिन्तेहला ब्रायटनला घाईघाईने विकले. अँडरसन हा त्याच परिसरातला, बालवयापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला मुलगा. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला. क्लबांना दिवाळखोरीपासून वाचवण्यासाठी आणलेला नियम घरच्या मुलालाच आधी विकायला लावतो, ही विसंगती नियमकर्त्यांच्या लक्षात आली नसेल असे म्हणणे कठीण आहे.

भारतीय वाचकाला आयपीएलची तुलना येथे उपयोगी पडेल. २०२५ च्या मोठ्या लिलावापूर्वी प्रत्येक संघाला सहा खेळाडू राखण्याची मुभा होती आणि सगळ्यांसाठी खर्चाची मर्यादा १२० कोटी रुपये अशी एकच होती. चेन्नई असो की पंजाब, थैली सारखीच. युरोपीय फुटबॉलमध्ये लिलाव नाही, राखीव यादी नाही आणि सर्वांना समान थैलीही नाही. तेथे क्लबच्या हाती खेळाडूला धरून ठेवण्याचे एकच साधन आहे: कराराची उरलेली वर्षे. आणि ते साधन दर महिन्याला झिजत असते.

या झिजण्याची सुरुवात १५ डिसेंबर १९९५ रोजी झाली. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोसमन याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये जाताना जुना क्लब मोबदला मागू शकत नाही. त्यापूर्वी करार संपला तरी खेळाडू एका अर्थी क्लबचाच राहत असे. तो अन्याय होता आणि तो दूर झाला, हे योग्यच. पण तेव्हापासून कराराचे शेवटचे वर्ष खेळाडूचे हत्यार बनले. बडे क्लबही त्यातून सुटलेले नाहीत. किलियन एम्बापे २०२४ मध्ये पीएसजीला हस्तांतरणाचा एक युरोही न देता रिआल माद्रिदला गेला. सहाव्या वर्षापासून लिव्हरपूलमध्ये वाढलेला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड २०२५ मध्ये करार संपवून त्याच वाटेने गेला. क्लब विश्वचषकासाठी तो महिनाभर आधी हवा होता, म्हणून माद्रिदने जी रक्कम दिली, तेवढीच लिव्हरपूलच्या पदरी पडली.

फरक असा की, लिव्हरपूल असा फटका पचवून त्याच उन्हाळ्यात इसाकला विकत घेऊ शकते. पॅलेसला ते जमत नाही. पॅलेसचा कर्णधार आणि बचावपटू मार्क गेही याची गोष्ट यासाठी पाहण्याजोगी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूकॅसलने त्याच्यासाठी सुमारे ६ कोटी ५० लाख पौंडांची तयारी दाखवली होती, पॅलेसने नकार दिला. १ सप्टेंबर २०२५ ला, करार संपायला दहा महिने उरले असताना, लिव्हरपूलशी ३ कोटी ५० लाखांवर सौदा जवळपास पूर्ण झाला होता. बदली खेळाडू न मिळाल्याने पॅलेसने तो शेवटच्या तासांत मोडला. जानेवारी २०२६ मध्ये गेही २ कोटी पौंडांना मँचेस्टर सिटीला गेला. दीड वर्षात खेळाडूचा दर्जा घसरला नव्हता, उलट तो एफए कपविजेता कर्णधार झाला होता. किंमत घटली ती केवळ कॅलेंडरमुळे. तरीही पॅलेसचा ऑगस्ट २०२४ मधील नकार चुकीचा म्हणता येणार नाही. त्या वेळी त्याला विकले असते तर कप आला असता का, हा प्रश्न विचारणाऱ्याला क्लबच्या कोणत्याही समर्थकाकडून उत्तर मिळेल.

एझेचा व्यवहार पॅलेसने वेळेत केला आणि सुमारे ६ कोटी पौंड मिळवले. त्याला तेराव्या वर्षी अकादमीतून वगळणाऱ्या आर्सेनलनेच ते मोजले, हा वेगळा काव्यगत न्याय.

या साखळीत पीडित आणि शिकारी अशी कायमची विभागणी मात्र नाही. इसाकच्या वर्तनाने दुखावलेल्या न्यूकॅसलने त्याच दिवशी ब्रेंटफर्डचा आघाडीवीर योआन विसा याला सुमारे ५ कोटी ५० लाख पौंडांना घेतले. विसानेही सराव शिबिर सोडले होते आणि क्लबने दिलेला शब्द पाळावा, असे जाहीर निवेदन काढले होते. न्यूकॅसलला जे सहन करावे लागले, तेच ब्रेंटफर्डच्या वाट्याला न्यूकॅसलमुळे आले. ब्रेंटफर्डने त्याच उन्हाळ्यात ब्रायन एम्बेउमो, कर्णधार क्रिस्टियन नॉरगार्ड आणि प्रशिक्षक थॉमस फ्रँक यांनाही गमावले होते. ब्रेंटफर्ड आणि ब्रायटन यांच्यासारख्या क्लबांनी मात्र हे वास्तव मान्य करूनच कारभार आखला आहे. खेळाडू जाणार हे गृहीत धरायचे आणि त्याची जागा घेणारा तो जाण्याआधीच शोधून ठेवायचा.

खेळाडूची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. आघाडीवीराच्या उमेदीची वर्षे मोजकी असतात आणि एका दुखापतीने सारे गणित बदलू शकते. इसाकलाच त्याचा अनुभव आला. डिसेंबरमध्ये टॉटनहॅमविरुद्ध गोल करतानाच त्याच्या पायाचे हाड मोडले. पण त्याची ही बाजू मान्य केली, तरी तीन वर्षांचा करार शिल्लक असताना सरावाला न येणे हा वाटाघाटीचा मार्ग म्हणून रूढ झाला, तर करारावरील सहीला अर्थ काय उरतो, हा प्रश्न न्यूकॅसलइतकाच उद्या लिव्हरपूललाही पडणार आहे.

नियमांची चौकट आता बदलत आहे. लॅसाना डियारा प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी, करार मोडणाऱ्या खेळाडूबाबतचे फिफाचे काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले. त्यामुळे क्लबांची पकड आणखी सैल होण्याची शक्यता आहे. दुसरीकडे प्रीमियर लीगच्या क्लबांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये नवा आर्थिक नियम स्वीकारला. २०२६-२७ पासून संघावरील खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागेल. युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांसाठी युएफाची मर्यादा ७० टक्के आहे. सर्वांसाठी एकच कमाल रक्कम ठरवण्याचा पर्याय मतदानात फेटाळला गेला. म्हणजे खर्चाची मर्यादा पुन्हा उत्पन्नाशीच बांधली गेली. सुमारे ५२ हजार आसनांच्या सेंट जेम्स पार्कचा विस्तार करायचा की नवे स्टेडियम बांधायचे, या न्यूकॅसलमध्ये रेंगाळलेल्या चर्चेचे वजन त्यामुळेच वाढले आहे. पॅलेसचा तरुण मध्यरक्षक ॲडम व्हार्टन याचा करार २०२९ मध्ये संपतो. नव्या नियमांखालील पहिला उन्हाळी बाजार उघडेल तेव्हा त्यातील तीन वर्षे उरलेली असतील. इसाकच्या करारातही तेवढीच होती.