स्वार नसलेला घोडा : जोव्हान्नी फात्तोरीची अभ्यासचित्रे आणि इटलीच्या एकीकरणाचा इतिहास

पुतळ्यातील घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार रणांगणात पडला, एकच पाय उचललेला असेल तर तो जखमांनी पुढे दगावला, आणि चारही टापा जमिनीवर असतील तर त्याला अंथरुणात मृत्यू आला. हा ‘नियम’ समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि इतिहासप्रेमी तरुणच तो सर्वांत उत्साहाने पुढे पाठवतात. शिल्पकारांनी असा नियम कधी पाळलेला नाही. रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवरील सम्राट मार्कस ऑरेलियसच्या प्रसिद्ध पुतळ्यात घोड्याचा एक पाय उचललेला आहे. सम्राट मात्र इ.स. १८० मध्ये आजारपणाने वारला.

नियम खोटा आहे, एवढे सांगून थांबता आले असते. पण त्यामागची नजर अधिक विचार करण्याजोगी आहे. घोड्याकडे पाहायचे ते स्वाराविषयी काही कळावे म्हणून, हे त्यात गृहीतच धरलेले असते. चित्रातला वा शिल्पातला घोडा म्हणजे जणू स्वाराच्या कीर्तीचा चौथरा. ही नजर बदलायची असेल, तर एकोणिसाव्या शतकातील एका इटालियन चित्रकाराने लहानशा लाकडी फळ्यांवर तैलरंगात केलेले घोड्यांचे अभ्यास पाहावेत.

जोव्हान्नी फात्तोरी १८२५ साली तस्कनीतील लिव्होर्नो या बंदराच्या शहरी जन्मला. १८४६ मध्ये तो फ्लॉरेन्सला आला आणि जुझेप्पे बेत्सुओली या नामवंत चित्रकाराकडे शिकू लागला. बेत्सुओलीची परंपरा ऐतिहासिक प्रसंगचित्रांची होती : भव्य पट, भरजरी पोशाख, मध्यभागी नायक. फात्तोरी वयाच्या तिशीपर्यंत त्याच वाटेने चालला. वळण आले ते १८५९ मध्ये.

त्या वर्षी पिएमाँत आणि फ्रान्स मिळून ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात लढले. फ्रेंच फौजेचा एक भाग तस्कनीत उतरला आणि फ्लॉरेन्सच्या काशिने या विस्तीर्ण उद्यानात त्याची छावणी पडली. फात्तोरी तिथे गेला आणि त्याने सैनिकांची छोटी छोटी तैलचित्रे केली. त्यांत लढाई नाही. माणसे उभी आहेत, पाठमोरी आहेत, ताटकळत आहेत. चेहरे जवळजवळ नाहीतच. कडक उन्हात गणवेशाचा गडद रंग आणि जमिनीचा फिकट रंग एकमेकांना भिडतात, आणि आकृती घडते ती त्या भिडण्यातूनच.

याच सुमारास रोमहून आलेल्या जोव्हान्नी कोस्ता या चित्रकाराने त्याला कलाशाळेतील साच्यांपेक्षा प्रत्यक्ष निसर्गावर विश्वास ठेवण्याचे बळ दिले. फ्लॉरेन्सच्या ‘काफे मिकेलांजोलो’ या कॉफीगृहात जमणाऱ्या तरुण चित्रकारांचा गट पुढे ‘माक्कियाओली’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हते. १८६२ मध्ये एका वृत्तपत्रीय टीकाकाराने ते कुचेष्टेने दिले. ‘माक्किया’ म्हणजे डाग. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ झुडपांचे रान असा आहे, आणि ‘रानात जाणे’ म्हणजे फरार होणे. थोडक्यात, ‘डागवाले’ आणि ‘रानात दडणारे’ अशी दुहेरी शिवी. शिवीचे बिरूद करून मिरवण्याची कलेच्या इतिहासात वारंवार दिसणारी रीत इथेही दिसते.

या डागांमागे ठाम विचार होता. निसर्गात बाह्यरेषा नसते. असतात ती उजेडाची आणि सावलीची क्षेत्रे. ती एकमेकांशेजारी अचूक बसली की घोडा आपोआप उभा राहतो, त्याचे एकेक केस रंगवावे लागत नाहीत. रंगांचा गलबला बाजूला सारून केवळ उजेड-अंधाराची पातळी जोखता यावी म्हणून या गटातले चित्रकार काळ्या आरशात दृश्य पाहत. फळ्याही लहान असत, सहज हाती धरून उन्हात नेता येतील अशा.

फात्तोरीच्या घोड्यांच्या अभ्यासांत हे तंत्र सर्वाधिक उघडे दिसते. पांढऱ्या घोड्याची पाठ म्हणजे उजेडाचा एक सलग पट्टा. पोटाखाली राखी-तपकिरी छाया. पायांखाली जमिनीवर पडलेली आखूड सावली, तीवरून सूर्य डोक्यावर असल्याचे कळते. पार्श्वभूमी बहुधा नाहीच. एखादी भिंत, एखादी वाट. घोडा अनेकदा अशा कोनातून दिसतो, की कोणत्याही राजाने तो कोन स्वतःच्या चित्रासाठी पसंत केला नसता : मागून, पुठ्ठे पुढे आणि मान खाली घातलेली. एका पायावरचा भार काढून दुसऱ्यावर टाकणारा, कंटाळलेला, कामाचा घोडा.

कलेच्या इतिहासात अशा चित्रांना ‘पूर्वतयारी’ म्हणून दुय्यम ठरवण्याची सवय आहे. मोठा पट हा ग्रंथ आणि अभ्यासचित्र हे टिपण. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र हा क्रम उलटा लावायला हवा. दरबारी बखर आणि एखाद्या कारकुनाने ठेवलेला रोजचा हिशेब यांत अभ्यासक हिशेबाला अधिक जपतो. तो कोणाला खूश करण्यासाठी लिहिलेला नसतो, हेच त्याचे बळ. अभ्यासचित्राचेही तसेच आहे. त्याला परीक्षक नसतो, आश्रयदाता नसतो, राष्ट्राच्या वतीने काही सांगण्याची सक्ती नसते. समोर घोडा आहे आणि ऊन सरकते आहे. चित्रकाराला खोटे बोलायला सवडही नसते आणि कारणही नसते.

तुलनेसाठी मोठा पटच घेऊ. १८५९ मध्ये तस्कनीच्या रिकासोली सरकारने स्वातंत्र्ययुद्धातील लढायांच्या चित्रांसाठी स्पर्धा जाहीर केली. फात्तोरीने ती जिंकली ती ‘माजेन्ताच्या लढाईनंतरची इटालियन छावणी’ या विषयावर. सुमारे साडेतीन मीटर रुंदीचा हा पट आज फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यातील आधुनिक कला दालनात आहे. माजेन्ताची लढाई ४ जून १८५९ रोजी झाली. फात्तोरीने लढाई रंगवली नाही, तिच्यानंतरचा क्षण रंगवला : जखमींची गाडी, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी, आजूबाजूला थकलेले सैनिक. सरकारी बक्षिसाच्या चित्रात हे करणे धाडसाचे होते. छावणीतील छोट्या फळ्यांवर कमावलेली नजर मोठ्या पटात शिरली, म्हणून ते शक्य झाले. अभ्यासचित्राने इथे महाचित्राला शिकवले आहे.

इथे प्रामाणिकपणे एक आक्षेप नोंदवला पाहिजे. फात्तोरीने चढाईची चित्रेही केली. माँतेबेल्लोच्या घोडदळाच्या हल्ल्याचे त्याचे मोठे चित्र प्रसिद्धच आहे. तो युद्धविरोधी प्रचारक नव्हता. शिवाय अभ्यासचित्र म्हणजे छायाचित्रही नव्हे. काय रंगवायचे आणि काय गाळायचे हे तिथेही चित्रकारच ठरवतो. हा आक्षेप खरा आहे. पण त्याने मूळ मुद्दा ढळत नाही, उलट नेमका होतो : एकच माणूस मागणीनुसार दौडणारा घोडा रंगवतो आणि स्वतःसाठी उभा घोडा रंगवतो. यांतला कोणता घोडा त्याने खरोखर पाहिला होता?

या प्रश्नाला विज्ञानानेही एक उत्तर देऊन ठेवले आहे. शतकानुशतके युरोपीय चित्रकार भरधाव घोडा काढताना त्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून दाखवत. लूव्र संग्रहालयातील जेरिकोच्या १८२१ च्या एप्समच्या शर्यतीत सगळे घोडे असेच हवेत तरंगतात. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसले की चारही टापा जमिनीवरून सुटतात खऱ्या, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे वीरश्रीचा तो भरधाव घोडा डोळ्यांनी पाहिलेला नव्हताच. तो रूढीने पुरवलेला होता. उभ्या घोड्याला रूढीची गरज नसते. तो तासभर समोर असतो.

मराठी वाचकाला इटलीचे एकीकरण परके नाही. सावरकरांनी केलेला मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मॅझिनी, गॅरिबाल्डी ही नावे इथल्या तरुणांच्या तोंडी बसली. त्या परंपरेने आपल्यापर्यंत पोहोचली ती विचारांची आणि वीरांची इटली. जखमींच्या गाड्या आणि तोफा ओढणारी जनावरे, भर उन्हात पहाऱ्यावर उभे केलेले शेतकऱ्यांचे पोर, हे त्या कथनात मावत नव्हते. फात्तोरीकडे ते सापडते. १८७२ च्या सुमाराचे त्याचे ‘पहाऱ्यावर’ हे लहान चित्र पाहावे : एक लांब पांढरी भिंत, तिच्यालगत घोडेस्वार, दूरवर आणखी दोघे, आणि बाकी सगळे ऊन. शत्रू कुठेच नाही. काही घडत नाही. सैनिकी आयुष्याचा बहुतांश भाग असाच जातो, हे लढायांच्या सनावळ्या पाठ करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

या गटाला युद्ध दुरून ठाऊक होते असे मात्र समजू नये. तेलेमाको सिन्योरिनी १८५९ मध्ये स्वयंसेवक म्हणून तोफखान्यात गेला. राफाएल्लो सेर्नेझी १८६६ च्या मोहिमेत जखमी होऊन ऑस्ट्रियनांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी बोल्झानोत वारला. फात्तोरी स्वतः सैनिक म्हणून लढला नाही. तो पाहत राहिला, आणि एकीकरण पुरे झाल्यावरही पाहत राहिला. ही त्याची खरी थोरवी.

कारण एकीकरणानंतर काय झाले? दक्षिणेत १८६१ पासून काही वर्षे नव्या राष्ट्राचे सैन्य आपल्याच प्रजेतील बंडखोरांशी लढत होते. १८६९ पासून धान्य दळण्यावर कर बसला. तो भरला गरिबांनी. फात्तोरी १८६९ पासून फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत शिकवत होता, तरी पैशाची ओढाताण संपली नाही. १८८० च्या दशकात तो दक्षिण तस्कनीतील मारेम्मा या दलदलीच्या, हिवतापाने ग्रासलेल्या प्रदेशात रमला. तिथले घोड्यावरून गुरे राखणारे ‘बुत्तेरी’, अर्धवट रानटी घोडे आणि लांब शिंगांचे बैल हे त्याचे विषय झाले. घोडा तोच, पण गणवेश गळून पडला.

१८८० चेच ‘रिकिबीत अडकलेला’ हे त्याचे चित्र याच्याही पुढे जाते. पांढुरक्या रस्त्यावरून एक गडद घोडा उधळला आहे. स्वाराचा पाय रिकिबीत अडकला आहे आणि तो फरफटत चालला आहे, मागे रक्ताची रेघ उमटते आहे. कोणती लढाई, कोणती बाजू, काहीच सांगितलेले नाही. इथे घोड्यावर स्वाराची हुकमत नाही आणि घोड्यालाही काही ठाऊक नाही. भ्यालेल्या जनावराचे हे अंग फात्तोरी रंगवू शकला, कारण शांत उभ्या जनावराचे अंग त्याने वर्षानुवर्षे फळ्यांवर गिरवले होते.

१९०८ मध्ये फात्तोरी वारला. तीन वर्षांनी, १९११ मध्ये, रोमच्या मध्यभागी राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याचे प्रचंड स्मारक खुले झाले. त्यावरील राजाचा अश्वारूढ कांस्यपुतळा सुमारे बारा मीटर उंच आहे. तो बसवण्यापूर्वी घोड्याच्या पोकळ पोटात मेज मांडून त्यावर काम करणाऱ्यांची मेजवानी झाली; तिचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. अधिकृत इतिहासातला घोडा तो हाच, पोटात पंगत बसेल एवढा.

फात्तोरीचा अखेरच्या वर्षांतला घोडा वेगळा आहे. रिकाम्या रस्त्यावर तो मरून पडला आहे. गाडी तिथेच आहे, शेजारी हताश माणूस उभा आहे. चित्राला दिलेले नाव दोनच शब्दांचे : ‘आणि आता?’