अधिकार आणि अवधि

गेल्या महिन्यांत आमच्या थोरल्या वहिनींचें सांवत्सरिक श्राद्ध झालें. जेवणें आटोपलीं, भटजी दक्षिणा घेऊन गेले, आणि ओसरीवर सुपारी कातरीत बसलेल्या मंडळींत वाद निघाला. आमच्या घरीं वाद ही नवलाची गोष्ट नव्हे. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत असल्या म्हणजे आमटीच्या मिठापासून मोक्षापर्यंत कोणत्याहि विषयावर मतभेद होतोच. परंतु या वादांत एका बाजूला वहिनींचा मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा. म्हणून तो वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

वहिनी २०२० च्या ऑगस्टमध्यें साथींत गेल्या. रुग्णालयाच्या गाडींत चढतांना दिसलेली त्यांची पाठ, हेंच आम्हां सर्वांना घडलेलें शेवटचें दर्शन. अकराव्या दिवशीं दूरध्वनीवरून वार्ता आली. देह घरीं आला नाहीं. अग्नि परक्या हातांनीं दिला गेला. तेव्हांपासून आमच्या पुतण्याचें मन सरकार या वस्तूविषयीं जें विटलें, तें विटलेंच.

त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: मनुष्याचा देह, त्याचें घर व त्याची मिळकत हीं त्याचीं स्वतःचीं आहेत. सरकारनें चोर, दरोडेखोर व परचक्र यांपासून त्यांचें रक्षण करावें, करारमदार पाळले जातात कीं नाहीं हें पाहावें, आणि यापलीकडे पाऊल टाकूं नये. हा पक्ष पोरकट नव्हे. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं स्वातंत्र्यावर निबंध लिहिला व असें प्रतिपादिलें कीं, दुसऱ्यास होणारी इजा टाळण्याकरितांच व्यक्तीवर सक्ती करतां येते. तिच्या स्वतःच्या कल्याणाकरितां नव्हे. हर्बर्ट स्पेन्सरनें १८८४ सालीं हाच धागा आणखी ताणला. आगरकरांच्या पिढीनें हे दोघेहि आवडीनें वाचले होते. पुढें अमेरिकेंत रॉबर्ट नोझिक यानें १९७४ सालीं या मताला काटेकोर रूप दिलें. आपल्याकडे राजगोपालाचारी यांच्या स्वतंत्र पक्षानें १९५९ पासून परवाना-राज्याविरुद्ध जो आवाज उठविला, त्याचेंहि नातें याच कुळाशीं जुळतें. राज्य म्हणजे रात्रीचा पहारेकरी, असें हे लोक म्हणतात. आपल्या गांवगाड्याच्या भाषेंत सांगावयाचें तर जागल्या. जागल्यानें गस्त घालावी. चुलीवर काय शिजतें हें पाहावयास घरांत शिरूं नये.

दादांनीं सरकारी नोकरींत तीस वर्षें काढलेलीं. ते म्हणाले, "अरे, घर तुझें हें खरें, पण खोकला तुझ्या एकट्याचा नसतो." मला दादांचें म्हणणें पटलें. मिलचीच कसोटी लावली तरी सांसर्गिक रोग ही दुसऱ्यास होणारी इजाच आहे. कौटिल्यानेंहि अग्नि, पूर, दुष्काळ यांच्या बरोबरीनें रोगाची गणना आठ महाभयांत केली आहे आणि त्यांपासून प्रजेला सोडविण्याचा भार राजावर टाकला आहे. दंडच नसेल तर मत्स्यन्याय माजतो, मोठा मासा लहानाला गिळतो, ही आपल्या शास्त्रकारांची जुनी शिकवण आहे.

परंतु दादा तेथेंच थांबले नाहींत. हातांतील अडकित्ता खालीं ठेवून ते म्हणाले, "मला नियमाचा राग नाहीं. तो कोणीतरी करावयास हवाच होता. पण अकरा दिवस विचारावें तरी कोणाला, हें कळलें नाहीं. एकाकडे जावें, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. आणि दुसरा म्हणे, वरून हुकूम आहे. तें 'वर' कोठें आहे, हें मला अजून सांपडलेलें नाहीं."

पुतण्या गप्प झाला. मलाहि वाटलें कीं, वादाचें खरें मर्म त्याच्या ग्रंथांत नाहीं व माझ्या कौटिल्यांतहि नाहीं. तें दादांच्या या चार वाक्यांत आहे.

ज्या कायद्याच्या आधारें २०२० च्या मार्चमध्यें आपल्या राज्यांत निर्बंध सुरू झाले, तो त्या वर्षींचा नव्हता. तो ४ फेब्रुवारी १८९७ चा होता. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि पांच महिन्यांच्या आंत हा कायदा झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिलें नांवाचें, दुसरें सरकारला आवश्यक वाटतील ते नियम करण्याची मुभा देणारें, तिसरें नियमभंगाच्या शिक्षेचें, आणि चौथें असें कीं, या कायद्याखालीं सद्भावनेनें केलेल्या कृत्याबद्दल कोणावरहि दावा चालणार नाहीं. नियम 'तात्पुरते' असावेत एवढा शब्द त्यांत आहे. परंतु तात्पुरते म्हणजे किती दिवस, हें ठरविणारेंहि सरकारच.

पुण्यास या कायद्याचा अंमल रँडसाहेबांच्या हातीं आला. १८९७ च्या मार्चपासून गोरे सोजीर घरोघर शिरले. माजघर, देवघर कांहीं न पाहतां झडत्या झाल्या. रोगी रुग्णालयांत, घरचीं माणसें छावणींत, आणि सामानसुमान आगींत गेलें. रोग खोटा होता असें नव्हे. त्याच साथींत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले १० मार्च रोजीं वारल्या. टिळक शहर सोडून गेले नाहींत. हिंदु रोग्यांकरितां स्वतंत्र रुग्णालय काढण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला. रोग्यांना वेगळें ठेवावें हें त्यांना मान्य होतें. त्यांची तक्रार जुलमाविषयीं होती.

ही तक्रार न्यावी कोठें? गोपाळराव गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनीं सैनिकांवर स्त्रियांच्या विटंबनेचा आरोप जाहीरपणें केला. परत आल्यावर पुरावा उभा करतां येईना, आणि त्या सत्यनिष्ठ पुरुषाला बिनशर्त माफी मागावी लागली. आरोप खरा कीं खोटा, याचा सर्वांनीं मानावा असा निवाडा झालाच नाहीं. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं तो पिस्तुलानें केला. रँड व आयर्स्ट हे दोघे प्राणास मुकले. पुढें तिघे चापेकर बंधु व महादेव रानडे फांसावर गेले. न्यायाचें दार लावून घेतलें म्हणजे अफवा खिडकींतून शिरते, आणि तिच्या पाठोपाठ पिस्तूल येतें.

त्याच वर्षीं सरदार नातू बंधूंना चौकशीवांचून अटकेंत टाकलें, तें १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं. म्हणजे सत्तर वर्षांच्या जुन्या शस्त्रानें. आणि १८९७ चें शस्त्र १२३ वर्षांनीं २०२० मध्यें पुन्हां म्यानाबाहेर आलें. मध्यंतरीं स्वराज्य आलें, राज्यघटना आली. शस्त्र मात्र कपाटांत जसेंच्या तसें. २०२० सालीं त्या कायद्याला दुरुस्ती झाली, ती मुख्यत्वें वैद्यक सेवकांवर हात टाकणारांस कडक शासन व्हावें म्हणून. ती योग्यच होती. पण मुदतीचा प्रश्न तसाच राहिला. रॉबर्ट हिग्ज या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९८७ सालीं एका ग्रंथांत दाखविलें आहे कीं, संकटाच्या वेळीं सरकारची सत्ता फुगते आणि संकट सरल्यावर ती पूर्वस्थळीं परतत नाहीं. पुराचें पाणी ओसरतें. सत्तेचें पुरतें ओसरत नाहीं.

आम्ही व्याकरण शिकलों तेव्हां 'अधिकार' हा शब्द वेगळ्याच अर्थानें शिकलों. पाणिनीच्या शास्त्रांत अधिकार म्हणजे पुढील अनेक सूत्रांवर सत्ता चालविणारें सूत्र. परंतु अशा प्रत्येक सूत्राची सत्ता कोठें संपते, हें ठरलेलें असतें. प्रत्ययाचा अधिकार तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं सुरू होतो व पांचव्या अध्यायाच्या अखेरीस संपतो. जेथें अवधीविषयीं संशय, तेथें वैयाकरणांनीं पिढ्यान् पिढ्या वाद घातले आहेत. अवधि ठाऊक नसलेला अधिकार सगळें शास्त्र नासवील, हें त्यांना पक्कें माहीत होतें.

म्हणून पुतण्याला माझें उत्तर असें: सरकार नको, हें म्हणणें टिकत नाहीं. स्वयंसेवेनें रुग्णालय काढतां येतें. परंतु न ऐकणाऱ्या शेजाऱ्याला संसर्गापुरतें घरांत बसवितां येत नाहीं. सरकारला अधिकार द्यावाच लागतो. मात्र देतांना तीन गोष्टी कागदावर मागून घ्याव्या. तो कोणत्या कारणाकरितां, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्याच्या दुरुपयोगाविषयीं दाद कोठें मागावयाची. तारीख उलटली म्हणजे अधिकार आपोआप गळून पडावा. हवा असल्यास लोकप्रतिनिधींपुढें येऊन पुन्हां मागावा. तिसरी गोष्ट असती, तर वहिनी कदाचित् वांचल्या नसत्या. पण दादांना त्यांचा आवाज एकदां तरी ऐकूं आला असता.

हें सर्व सांगण्याचा मला कितपत अधिकार आहे, याचीहि कबुली देतों. २०२० सालीं गुढीपाडव्याच्या दिवशीं देश बंद झाला, तेव्हां घरचा कारभारी या नात्यानें मींहि एक फर्मान काढलें: बाहेर जाणारानें दाराशीं टांगलेल्या वहींत वेळ व कारण लिहावें, आणि दिवेलागणीपूर्वीं परत यावें. कोणी कुरकुर केली नाहीं. साथ ओसरली, शाळा उघडल्या, लग्नकार्यें होऊं लागलीं. वही मात्र लटकतच राहिली. २०२२ च्या दिवाळीच्या झाडलोटींत धाकट्या सूनबाईंनीं ती हातांत घेऊन विचारलें, "मामंजी, ही आतां कशाकरितां?" मला उत्तर सुचलें नाहीं, राग मात्र आला. नंतर एकटाच बसून पानें चाळलीं, तों सुनांचीं व नातवंडांचीं नांवें पानोपानीं. माझें नांव एकदांहि नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं ती वही मीं स्वतः बंबांत घातली. वाचकांनींहि आपापल्या दाराशीं अशी एखादी वही राहून गेली आहे काय, हें एकदां पाहून घ्यावें.