यंदाची जोड

कुस्तीच्या फडात जोड लावणे हे जोखमीचे काम असते. हौद्याच्या कडेला लंगोट कसून उभ्या असलेल्या पोरांतून जुना वस्ताद एकाचे मनगट धरतो, त्याची मान, छाती, पोटऱ्या न्याहाळतो आणि गर्दीत नजर फिरवून त्याच्या तोडीचा दुसरा शोधतो. दोघांना समोरासमोर उभे करतो. बघणाऱ्यांनी माना डोलावल्या की जोड ठरली. मग हलगी, सलामी आणि चिमूटभर माती एकमेकांच्या अंगावर. विदर्भातल्या आमदंगलीत आणि कोल्हापूरच्या खासबागेत बोली बदलते, खुराक बदलतो, पण या शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपल्याकडे जोड म्हणजे एकमेकांविरुद्ध लढणारे दोन पैलवान.

वर्ष सरत आले की आपल्या घराघरांतल्या गप्पांत मात्र दुसऱ्याच जोड्या येतात. त्या एका बाजूने लढतात. एक जण रिंगणात, दुसरा दोरापलीकडे कोपऱ्यात हात लांब करून उभा. हाताला हात लागला की आतला बाहेर आणि बाहेरचा आत. ही टॅग टीमची कुस्ती टीव्हीवरून आपल्याकडे येऊन तीसेक वर्षे झाली. तेव्हा दप्तरात ट्रम्प कार्डांचा कॅट लपवून नेणारी पोरे आता स्वतः बाप झाली आहेत. १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये जॉन सीना गुंथरकडून हरून निवृत्त झाला तेव्हा बाप आणि लेक एकाच सोफ्यावर बसून हळहळले. याच सीनाने सप्टेंबर २०२३ मध्ये हैदराबादला येऊन सेथ रॉलिन्सच्या जोडीने लढत दिली होती, आणि ती आठवण नागपुरातल्या मुलांना अजून तारखेसकट सांगता येते. त्यामुळे २०२५ ची सर्वोत्तम जोडी कोणती, हा प्रश्न पोरखेळ म्हणून सोडून द्यावा असे आम्हाला वाटत नाही.

जुनी माणसे म्हणतील, ही तर नुराकुस्ती. निकाल आधीच ठरलेला. निकाल ठरलेला असतो हे खरे. पण नुराकुस्तीचा राग आपल्याला येतो तो फसवणुकीचा. तिथे पैलवान अंग राखून लढतात आणि तिकीट काढून आलेल्याला ते कळू देत नाहीत. टीव्हीवरच्या या कुस्तीत बघणाऱ्याला सगळे ठाऊक असते, आणि तिथे अंग राखायचे असते ते समोरच्याचे. शंभर किलोचा माणूस डोक्यावर उचलून आपटायचा आणि त्याची मान, पाठ, गुडघा शाबूत ठेवायचा, हे कसब कोणत्याही डावाइतकेच कठीण आहे. ते चुकले तर काय होते हे ११ मार्च २०२२ ला दिसले. ‘न्यू डे’ या लाडक्या संघातल्या बिग ईला प्रतिस्पर्ध्याने रिंगणाबाहेर मागे फेकले, तो डोक्यावर पडला आणि मानेचा मणका मोडला. हात-पाय चालत राहिले हेच नशीब. पण तो पुन्हा कधी लढू शकला नाही. फेकणाऱ्याच्या मनात वैर नव्हते, क्षणाचा अंदाज चुकला. टॅग टीमच्या लढतीत रिंगणाभोवती चार माणसे असतात, आणि चौघांचीही शरीरे इतर तिघांच्या हाती असतात. म्हणून आम्हाला वाटते की जोडीचे मोजमाप पट्ट्यांवरून आणि विजयांवरून करू नये. समोरच्या जोडीला तिने कसे वागवले, तिच्याशी लढून समोरची जोडी मोठी झाली की लहान, हे आधी पाहावे.

पट्ट्यांचा हिशेब केला तर ‘उसोज’ या जुळ्या भावांना गाठणे अवघड आहे. जुलै २०२१ पासून एप्रिल २०२३ पर्यंत सलग ६२२ दिवस त्यांच्याकडे विजेतेपद होते. पण ती जोडी लोकांच्या लक्षात राहिली ती ज्या रात्री हरली त्या रात्रीमुळे. केव्हिन ओवेन्स आणि सॅमी झेन यांनी त्यांना रेसलमेनियाच्या पहिल्या रात्रीच्या शेवटच्या लढतीत हरवले. जोड्यांच्या विजेतेपदाच्या लढतीला त्या मेळ्यात हे शेवटचे, मानाचे स्थान तोवर कधीच मिळाले नव्हते.

या वर्षाकडे वळू. जानेवारीत बॉबी लॅशली आणि शेल्टन बेंजामिन यांनी एईडब्ल्यू या अमेरिकी कुस्ती कंपनीचे जोडीचे पट्टे जिंकले. दोघेही महाविद्यालयीन काळात खरी, निकाली कुस्ती खेळलेले. बेंजामिनने जुलैत पन्नाशी गाठली. त्या वयात त्याची कंबर ज्या सहजतेने वळते ती पाहिली की तालमीत घातलेली वर्षे वाया जात नाहीत हे कळते. तरीही ही जोडी आमच्या यादीत वर जात नाही. त्यांच्यासमोर आलेला प्रत्येक जण पालापाचोळ्यासारखा उडाला. दोन बलदंड माणसे शेजारी शेजारी उभी होती, पण एकाला दुसऱ्याची गरज पडल्याचे क्वचितच दिसले.

ऑगस्टच्या सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये शार्लट फ्लेअर आणि अलेक्सा ब्लिस यांनी महिलांच्या जोडीचे पट्टे जिंकले. एकीची उंची, दुसरीचा लहानसा बांधा, आणि दोघींचे एकमेकींशी जुने वैर. त्यांच्या कथेतला संशय विश्वासात बदलायला आठवडे लागले, आणि तो बदल दोघींनी चेहऱ्यावरून, हात पुढे करण्याच्या वेगावरून दाखवला. त्याच महिन्यात लंडनला बँडिडो आणि ब्रोडी किंग यांनी लॅशली-बेंजामिनचे पट्टे घेतले. मुखवटा घातलेला चपळ मेक्सिकन आणि अंगभर गोंदलेला धिप्पाड गडी. काही आठवड्यांपूर्वी जुळलेली ही जोडी होती, आणि प्रेक्षकांनी तिच्यावर मनापासून माया केली. लहान दिसणारा बँडिडो आपल्यापेक्षा दीडपट माणसाला उचलून हवेत धरून ठेवतो तेव्हा आमच्याही तोंडून ‘वा रे गब्रू’ निघून गेले.

पण यंदाची जोड म्हणून आम्ही नाव घेऊ ते एफटीआरचे, डॅक्स हारवूड आणि कॅश व्हीलर यांचे. अकरा वर्षे हे दोघे एकत्र लढत आहेत. नोव्हेंबरमध्ये न्यूअर्कला त्यांनी बँडिडो-किंग यांना हरवून एईडब्ल्यूचे पट्टे तिसऱ्यांदा मिळवले. यंदा एप्रिलपासून ते खलनायक आहेत, आणि आमची निवड त्यामुळेच पक्की झाली. टॅग टीमच्या खेळात खलनायक जोडीचे काम फार कष्टाचे असते. नायक जोडीतल्या एकाला त्याच्या कोपऱ्यापासून तोडायचे, रिंगणाच्या आपल्या बाजूला ओढून आणायचे, पंचाचे लक्ष नसताना लबाडी करायची, आणि तो सरपटत आपल्या जोडीदाराच्या हाताकडे निघाला की दोन बोटांचे अंतर उरले असताना पाय धरून मागे खेचायचे. एकदा, दोनदा, तीनदा. बघणाऱ्याचा जीव त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या हातात अडकून राहतो. अखेर हाताला हात लागतो, ताज्या दमाचा जोडीदार आत झेपावतो आणि सारे सभागृह उठून उभे राहते. टाळ्या नायकाला पडतात. त्या टाळ्यांची मशागत दहा मिनिटे राबून खलनायकांनी केलेली असते, आणि आत आलेल्या नायकाचा प्रत्येक फटका पाठीवर झेलण्याचे कामही त्यांचेच. हारवूड आणि व्हीलर हे काम ज्या बारकाईने करतात तसे आज कुणी करत नाही. त्यांच्याशी लढणारी जोडी त्या रात्री स्वतःच्या उंचीपेक्षा हातभर मोठी दिसते. बँडिडो आणि किंग यांना नोव्हेंबरमध्ये हरतानाही तेवढाच मान मिळाला तो यामुळे. आपला वस्ताद ज्याला तोडीस तोड जोड म्हणतो ती न्यूअर्कमध्ये अशी लागली होती.

हे लिहिताना आम्हाला जामठ्याचे मैदान आठवते. फेब्रुवारीच्या २६ तारखेला रणजीच्या अंतिम सामन्यात केरळसमोर विदर्भाची अवस्था ३ बाद २४ झाली होती. २१ वर्षांचा दानिश मालेवार आणि कर्नाटकाकडून आपल्याकडे आलेला, तिशी ओलांडलेला करुण नायर यांनी तिथून २१५ धावा जोडल्या. एकाच्या हातांत नवखेपणाची धिटाई, दुसऱ्याच्या पायांत पडझड पाहून आलेला संथपणा. नायर ८६ वर धावबाद झाला. धाव घ्यायची की नाही यात क्षणाचा घोळ झाला आणि तो मधेच सापडला. टॅग टीमचा सरपटणारा पैलवान आणि तो अर्ध्या खेळपट्टीवरचा नायर, दोघांची तगमग एकच. मालेवारने १५३ केल्या, दुसऱ्या डावात नायरने शतक काढले, दोघांनी पुन्हा १८२ धावांची भर घातली, आणि विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. नव्या हंगामात नायर कर्नाटकात परतला. जोडी एका हंगामाचीच ठरली, पण नागपूर तिला विसरणार नाही.

याच फेब्रुवारीत आपल्या खऱ्या कुस्तीने मात्र मान खाली घालायला लावली. २ तारखेला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढती झाल्या. पृथ्वीराज मोहोळने गदा जिंकली. पण त्या दिवशी शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड या दोन नामांकित मल्लांचे पंचांशी भांडण झाले, पंचाला लाथ मारण्यापर्यंत गोष्ट गेली, आणि दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. पंचांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर अजून वाद घालणारे आहेत. राक्षेचे दोन्ही खांदे टेकले की नाही याच्या चित्रफिती आजही मोबाइलवर फिरतात. आम्हाला सलते ते दुसरेच. हेच दोघे जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत समोरासमोर होते. दोघे एकाच तालमीतले, काका पवारांचे पठ्ठे. पहाटे एकत्र उठणारे, एकमेकांच्या अंगावर जोर करणारे. एकमेकांचे डाव त्यांना तोंडपाठ होते. राक्षेने ती कुस्ती मिनिटाच्या आत मारली. दोन वर्षांनी तीच जोड एकाच संध्याकाळी शिक्षेच्या यादीत शेजारी शेजारी लागली. तीन वर्षे हा पैलवानाच्या आयुष्यातला फार मोठा तुकडा असतो.

आपल्याकडे जोडीदाराचे नाव टिकत नाही, ही जुनी खंत आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांचे नाव प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते, असायलाच हवे. त्याच ऑलिम्पिकला भारताकडून कोल्हापूरच्या मातीतला केशव माणगावे हाही मल्ल उतरला होता. त्याचे नाव किती जणांना माहीत आहे? १९८१ मध्ये नागपुरात महाराष्ट्र केसरी भरली तेव्हा बापू लोखंडे जिंकले, १९९८ मध्ये पुन्हा इथेच गोरखनाथ सरक. ही नावे यादीत छापली जातात. त्यांच्यासमोर अंतिम लढतीत कोण उभे होते आणि वर्षभर तालमीत कुणी आपले अंग त्यांच्या डावांखाली दिले, हे सांगणारे म्हातारे आता महालातल्या आणि इतवारीतल्या ओट्यांवरून एकेक करून उठून चालले आहेत.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत याच काका पवारांच्या तालमीतले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके अंतिम लढतीत भिडले होते. सदगीर ३-२ असा निसटता जिंकला. शिट्टी वाजली, आणि स्वतःची मिरवणूक निघायच्या आधी त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. त्या क्षणी दोघांचेही अंग घामाने निथळत होते, आणि खांद्यावर बसलेल्याचे गाल ओले का, हे कुणी विचारण्याची गरज नव्हती.

थंडीच्या दिवसांत महालातल्या चिटणीस पार्कवर कुस्तीची मॅट अंथरली जाते. आयोजकांना आमची एक विनंती आहे. विजेत्याचे नाव पुकारताना त्याच्या तालमीतल्या जोडीदाराचेही नाव पुकारा, आणि तो गर्दीत असेल तर त्याला मॅटवर बोलवा. एक नाव जास्त घ्यायला कितीसा वेळ लागतो!