चेकवरचे वाकडे आकडे : ना सुरक्षा, ना भविष्यवेध

१/ धनादेशाच्या तळाशी असलेल्या, कुठे फुगलेल्या तर कुठे कृश अशा आकड्यांविषयी दोन कथा हौसेने सांगितल्या जातात. एक, ते बनावट चेक पकडण्यासाठी आहेत. दुसरी, अंतराळयुगाने भारावलेल्या एखाद्या कलावंताने ते रेखाटले. दोन्ही कथा रंजक आहेत आणि दोन्ही चुकीच्या.

२/ कॅलिफोर्निया, १९५०. बँक ऑफ अमेरिकेत चेकची खाती दरमहा सुमारे २३,००० ने वाढत होती. दिवसाच्या नोंदी पुऱ्या व्हाव्यात म्हणून शाखांना दुपारी दोनलाच दारे लावावी लागत. या नोंदी करणाऱ्या बहुतांशी तरुण स्त्रिया होत्या. संगणकाच्या इतिहासात यंत्राचे नाव ठळक असते; त्यांचा मात्र उल्लेखही क्वचितच.

३/ बँकेसाठी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने तयार केलेले ‘एर्मा’ हे यंत्र १९५५ साली लोकांपुढे आले. खरा पेच बेरीज-वजाबाकीचा नव्हताच, तो वाचनाचा होता. हातोहात फिरलेल्या चेकवर शिक्के, सह्या, डाग. त्यातून आकडा निवडायचा कसा? उत्तर होते लोहाच्या ऑक्साइडची शाई. साध्या शाईचा शिक्का चुंबकीय हेडला जाणवतच नाही.

४/ आकाराचे रहस्यही इथेच आहे. आधी शाई चुंबकित होते, मग आकडा उजव्या कडेकडून हेडखाली सरकतो आणि शाई जशी वाढते-घटते तशी विद्युत लहर उमटते. प्रत्येक आकड्याची लहर वेगळी हवी, म्हणून रेषा नेमक्या जागी जाड केल्या. नावही तितकेच रुक्ष : ‘ई-१३बी’. पाचवा आराखडा, ०.०१३ इंचाची चौकट, दुसरी सुधारणा. यात कुठे आहे अंतराळ?

५/ शंका असेल त्यांनी फ्रान्सकडे पाहावे. तिथे बुल कंपनीने ‘सीएमसी-७’ घडवली : प्रत्येक चिन्ह सात उभ्या पट्ट्यांचे आणि संकेत दडलेला पट्ट्यांमधल्या रुंद-अरुंद फटींत. प्रश्न तोच, पण वाचण्याची रीत निराळी. म्हणून रूपही निराळे.

६/ ई-१३बीत दहा आकडे आणि चार चिन्हे आहेत, अक्षर एकही नाही. विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवरची ‘संगणकी’ अक्षरे ही नंतरची नक्कल. त्यांतला ‘वेस्टमिन्स्टर’ हा टंक लिओ मॅग्ज यांनी १९६०च्या दशकात रचला. लोक नकलेवरून अस्सलाचा हेतू ठरवतात, हे या कथेचे खरे मूळ.

७/ सुरक्षेच्या कथेत तथ्य एवढेच की साध्या शाईची छायाप्रत चुंबकीय हेडला वाचता येत नाही. तो आनुषंगिक लाभ झाला. चुंबकीय टोनर तर बाजारात विकत मिळतो.

८/ या दंतकथांमुळे झाकली जाते ती मोठी घटना वेगळीच. एर्मापूर्वी खाती नावांच्या वर्णानुक्रमाने लागत. नवे खाते आले की क्रम हलवावा लागे. यंत्रासाठी प्रत्येक खात्याला क्रमांक मिळाला. खातेदार नावावरून आकड्यावर आला, तो सक्तीने नव्हे तर सोयीने. आणि कोणी फारशी हरकतही घेतली नाही.

९/ भारतात ही शाई १९८०च्या दशकात रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने आली. चेकवरच्या नऊ अंकी संकेतातले पहिले तीन अंक शहराचे : मुंबई ४००, पुणे ४११. पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. आता चेक स्वतः प्रवास करत नाही, त्याची प्रतिमा जाते. सोबत ती तळची ओळ वाचून पाठवली जाते. खातेदाराचे नाव त्या ओळीत आजही नसते.