फाटकाची किल्ली

आमच्या वसईत बर्फ पडत नाही. येतो तो लाद्यांनी येतो आणि मासळीवर जातो. तेव्हा पायांत पाती बांधून बर्फावर धावायचे आणि काठीने चकती हाणायची, अशा खेळाची गोष्ट पाचूबंदरच्या कोळ्याला सांगावी तर तो आधी बर्फाचा भाव विचारील. पण ती गोष्ट सांगितल्यावाचून माझे भांडण सुरू होत नाही.

कॅनडातल्या माँट्रिअल शहरात ३ मार्च १८७५ रोजी हा हॉकीचा खेळ पहिल्यांदा छपराखाली, लोकांसमोर, रीतसर झाला. खेळणाऱ्यांत मॅकगिल विद्यापीठाची पोरे होती. दोनच वर्षांनी, १८७७ साली, मॅकगिलमध्ये हॉकीचा संघच उभा राहिला. दाराशी जे होते, म्हणजे थंडी आणि गोठलेले पाणी, त्याचाच त्यांनी खेळ केला. त्यासाठी त्यांना कोणी मार्क देत नव्हते.

आपल्याकडेही तेच होते. पुण्याच्या स. प. महाविद्यालयातले प्रा. दि. ब. देवधर वर्गात संस्कृत शिकवीत आणि मैदानावर क्रिकेट खेळत. १९२६ साली एम. सी. सी.च्या साहेबांविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. ज्याच्यापुढे सकाळी रूपे म्हणायची, तोच संध्याकाळी बॅट घेऊन समोर, असे गुरुजी मिळणे म्हणजे कॉलेज! इमारत कोणीही बांधील.

तो काळ सोन्याचा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे पाळवणकर बाळू यांना त्याच पुण्यात चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. त्यांनी टाकलेला चेंडू चालत होता, त्यांनी धरलेला कप चालत नव्हता. कॉलेजचे फाटक कोणासाठी बंद असते हे मला कोणी शिकवायला नको. मी मॅट्रिक, घरच्या अडचणीने पुढची पायरी चढलो नाही. शाळेत चित्रकला शिकवतो, कादंबऱ्या लिहितो आणि कॉलेज बाहेरूनच पाहतो. बाहेरून बरेच दिसते.

विजेची गाडी विरारपर्यंत आली ती १९३६ साली, आणि तिने आमची पोरे मुंबईच्या कॉलेजांत पोचवली. पोचवली तशी परतही आणली, हीच गोम आहे! माझे थोरले काका माटुंग्याच्या एका कॉलेजात जात. सोबत्यांचा संध्याकाळचा सराव सुरू व्हायचा तेव्हा काका दादरच्या फलाटावर विरार गाडीची वाट पाहत उभे. चार वर्षांत त्यांनी पदवी आणली. पण एकदाही अंगाला माती लावून ते घरी आले नाहीत. म्हातारपणी ते पदवीविषयी चकार शब्द काढीत नसत, मैदानाविषयी बोलत.

१९७१ साली वसईत वर्तक महाविद्यालय निघाले, पुढे आणखीही निघाली. गाडीचे विघ्न टळले. आता तरी पोरे खेळतील?

तर आता तुम्ही आडवे आलात. होय, फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक वाचणारे तुम्ही आईबाप! कॉलेज सुटले की क्लास, क्लास सुटला की दुसरा क्लास. खेळाची आठवण तुम्हांला होते ती बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात म्हणून. माझ्या शाळेतली एक मुलगी खो-खोत अशी पळायची की पाहणाऱ्याने श्वास रोखावा. दहावीला गुण पदरात पडले आणि वडिलांनी तिचे बूट माळ्यावर टाकले. मी भांडायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, काम झाले की.” त्या पोरीने माझ्याकडे पाहिले ते अजून विसरता येत नाही.

आणि संस्थाचालकांनो, तुम्हीही हसू नका. एका संस्थेचे मैदान मला ठाऊक आहे. नाव घेत नाही. लग्नसराईत तिथे मंडप, एरवी मोटारी. राष्ट्रीय खेळाडू का होत नाहीत, म्हणून भाषण झाले तेही त्याच मंडपात!

मला राष्ट्रीय खेळाडू नकोत. शेवटच्या तासानंतर दोन तास फाटक उघडे हवे, संघ पोरांनी स्वतः निवडावेत आणि मुलींना वेळेआधी घरी हाकलू नये, इतकेच. याला पैसा लागत नाही. दिवाळीची सुटी आहेच. जवळच्या कॉलेजवर फिरत जा आणि मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, तेवढे विचारून या.