गोळ्या सुरू झाल्या म्हणून गावाला जाणे बंद?

मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे निदान झाले की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, या गोळ्या किती दिवस घ्यायच्या?" 'जन्मभर' हे उत्तर ऐकून त्याचा चेहरा उतरतो. दुसरा प्रश्न बहुधा सोबत आलेले विचारतात, "मग आता काय काय बंद करायचं?" आणि डॉक्टरांनी सांगण्याआधीच घरात बंदची यादी तयार होते. गोड बंद, भात बंद, लग्नकार्य बंद, यात्रा बंद, लेकीच्या गावाला जाणे बंद. चिठ्ठीवर गोळ्या दोन आणि घरच्या यादीत बंदी दहा! आज या दुसऱ्या यादीविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या मते ती यादी कित्येकदा आजाराइतकेच नुकसान करते.

वाचकहो, हे आजार आता चार-दोन घरांपुरते राहिलेले नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. चाळिशीत मधुमेह झालेला माणूस नीट उपचार घेत राहिला, तर पुढे तीस वर्षे सहज जगू शकतो. ही तीस वर्षे त्याने कशी काढायची? ओसरीवर बसून, दुसऱ्यांना येळवसीला रानात जाताना बघत?

सरसकट बंदीचा परिणाम काय होतो ते आम्ही डॉक्टर रोज पाहतो. माणूस चोरून खातो. खव्या-पेढ्यांच्या या मुलखात पाहुणे पेढा घेऊन येणारच. सुनेने डबा वर ठेवला की सासूबाई रात्री सगळे झोपल्यावर तो काढतात आणि एकाच्या जागी चार पेढे खातात. दिवसा सर्वांसमोर, जेवणात अर्धी भाकरी कमी करून एक छोटा पेढा खाल्ला असता, तर साखर एवढी चढली नसती आणि म्हातारीला चोरासारखे वागावे लागले नसते. पथ्य म्हणजे मोजमाप, हे घरातल्यांनी समजून घ्यावे.

आपल्या येळवसीचेच उदाहरण घ्या. भज्जीत डाळी, शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या असतात. मधुमेही माणसाला हे अन्न चांगलेच आहे. बाजरीचा उंडा एक-दोन खावा, पोटभर उंडे आणि वर भात असे नको. गव्हाची खीर दोन चमचे चाखावी. रक्तदाबवाल्यांनी आंबिलीत मीठ बेताचे घालावे, ठेचा आणि लोणचे बाजूला ठेवावे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांचे पथ्य मात्र वेगळे असते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे. जेवण झाल्यावर कोपीत आडवे न होता बांधाबांधाने एक चक्कर मारावी. रानातले हे चालणे आणि चार माणसांत हसणे, दोन्ही प्रकृतीला हवेच असते.

आता प्रवासाकडे येऊ. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. पैशाची अडचण बरीच कमी झाली. तरीही आजारी स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत, किंवा पडल्या तर आजार वाढवून परत येतात. याचे कारण लाजेने कोणी बोलत नाही, म्हणून मी येथे स्पष्ट लिहितो. ते कारण म्हणजे लघवी. मधुमेहात लघवी वारंवार होते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या अनेक रुग्णांना लघवीची गोळी सुरू असते. वाटेत जायचे कुठे, या धास्तीने बाई आदल्या रात्रीपासून पाणी तोडते आणि सकाळची गोळी गाळते. चार दिवसांचे लग्न असेल तर चारही दिवस गाळते. मग कोणाच्या पायावर सूज येते, कोणाला धाप लागते, कोणाला उन्हात पाणी कमी पडून चक्कर येते, कोणाला लघवीची जळजळ सुरू होते. घरचे म्हणतात, "बघा, प्रवास सोसला नाही." वास्तविक सोसली नाही ती तहान आणि गाळलेली गोळी.

यावर उपाय आहे. लघवीची गोळी गाळू नये. ती मुक्कामी पोहोचल्यावर घेतली तर चालेल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पुष्कळ रुग्णांना वेळ अशी पुढेमागे करून देता येते. पाणी थोडे थोडे पीत राहावे. पण सगळा उपाय रुग्णानेच का करावा? बसस्थानकावर, यात्रेच्या ठिकाणी, मंगल कार्यालयात स्त्रियांसाठी स्वच्छ, कुलूप नसलेले आणि पाणी असलेले स्वच्छतागृह ही आरोग्याचीच सोय आहे. आपले लोकप्रतिनिधी मते मागायला येतात तेव्हा रस्ता आणि सभामंडप यांच्याबरोबर ही मागणीही त्यांच्यापुढे ठेवावी, आणि ती पुरुषांनीही ठेवावी.

कोणी म्हणेल, दुखणाईत माणसाने कशाला फिरायचे? त्यांना मी बाबा आमटे यांची आठवण देईन. मणक्याच्या आजारामुळे बाबांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. अशा अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, डिसेंबर १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रेला निघाले. तरुण मंडळी सायकलींवर आणि बाबा वाहनात आडवे पडून, असा तो प्रवास काश्मीरपर्यंत झाला. १९८८ साली ते अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातेतील ओख्यापर्यंतच्या दुसऱ्या यात्रेला निघाले. बाबांसारखी जिद्द प्रत्येकात असावी असे माझे म्हणणे नाही. त्यांनी प्रवास सोडला नाही, प्रवासाची रीत आपल्या शरीराला जुळवून घेतली. एवढे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला गर्दीत डोंगर चढवत नसेल, तर देवीचे दर्शन पुढच्या आठवड्यात पहाटे घ्यावे. लग्नात चार दिवस झेपत नसतील, तर अक्षतांपुरते जावे. पण जावे.

निघताना काही गोष्टी पाळाव्यात. औषधे लागतील त्यापेक्षा चार दिवसांची जास्त घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत, टपावर किंवा डिकीत टाकू नयेत. दम्याच्या रुग्णाचा पंप खिशात असावा. आजाराचे नाव, चालू गोळ्या आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी जवळ असावी. इन्सुलिनची वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, पण तिला उन्हाळ्याची झळ लागू देऊ नये. उभ्या गाडीत किंवा इंजिनजवळ ती ठेवू नये आणि थेट बर्फातही घालू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा आपल्या हवेत बराच गार राहतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी, आणि साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या असलेल्यांनी, औषध घेऊन उपाशी प्रवास करू नये. उपवास धरायचा असेल तर डोस आधी विचारून घ्यावा. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग काहीतरी खावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, दवाखाना गाठावा.

सर्वांत महत्त्वाचे पाय. जुन्या मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते. चैत्राच्या उन्हात तापलेल्या पायरीवर अनवाणी चढताना तळवा भाजतो आणि ते कळतही नाही. घरी आल्यावर फोड दिसतो, त्याची जखम होते आणि पुढे बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो बदलून घ्यावा. जाड मोजे घालून सकाळी लवकर चढावे आणि मुक्कामी आल्यावर तळवे उजेडात पाहावेत. भक्ताचा पाय कापला जावा असे कोणत्याही देवीला वाटणार नाही.

प्रवास टाळायचाच, असेही काही प्रसंग असतात. छातीत नव्याने दुखू लागले असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल, ताप असेल, पायाला ओली जखम असेल किंवा साखर फारच वाढलेली असेल, तर तिकीट काढण्याआधी दवाखान्यात यावे. बरे वाटल्यावर यात्रा पुढच्या वर्षीही आहे.

शेवटी घरच्या मंडळींना एक सांगणे. आजारी माणसाला न विचारता "त्यांना काही झेपणार नाही" असे परस्पर ठरवू नका. ज्याला कुठेच न्यायचे नाही, कशातच घ्यायचे नाही, तो हळूहळू जेवणावरून, बोलण्यावरून आणि मग औषधावरूनही मन काढून घेतो. "कशाला खायच्या गोळ्या? कोणासाठी?" हे वाक्य मी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. अशा वेळी नुसती गोळी बदलून भागत नाही. त्यापेक्षा येत्या सुटीत त्यांना खिडकीजवळची जागा धरून द्या, पाण्याची बाटली भरून द्या, चालण्याची गती त्यांच्या पायांप्रमाणे ठेवा आणि नातवंडांना त्यांच्या शेजारी बसवा. पुढची गोळी ते तुमच्या आठवणीवाचून घेतील, असा माझा अनुभव आहे.